कॅसेट आधी, प्लेअर नंतर

जुना, वापरलेला, खिशात किंवा पिशवीत मावणारा प्लेअर विकत घेण्यामागे दोन अगदी निराळे हेतू असू शकतात आणि खरेदीत होणाऱ्या बहुतेक चुका हे हेतू एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. पहिला हेतू संग्राहकाचा असतो : त्याला यंत्र हवे असते, त्याचा रंग, त्याची घडण आणि त्याचा क्रमांक हवा असतो, आणि त्यात वाजवायला काय आहे हा प्रश्न त्याच्या दृष्टीने दुय्यम असतो. दुसरा हेतू त्या घराचा असतो, जिथे कपाटाच्या वरच्या खणात पत्र्याच्या डब्यात पन्नास-साठ कॅसेट वीस वर्षे पडून आहेत, त्यांवर कोणाचा आवाज आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, पण तो ऐकवील असे एकही यंत्र घरात चालू अवस्थेत उरलेले नाही. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील, पुलगाव-आर्वी मार्गावरचे रोहणा हे गाव घेतले, किंवा त्या पट्ट्यातले दुसरे कोणतेही मोठे गाव घेतले, तरी तेथे दुसराच हेतू खरा असण्याची शक्यता अधिक आहे, आणि म्हणून या प्रकरणात यंत्राचा विचार कॅसेटच्या बाजूने केला आहे.

या डब्यांत काय असते हे पाहिले म्हणजे यंत्र कोणते हवे हे बरेचसे आपोआप ठरते. आर्वी तालुक्याच्या पश्चिमेला वर्धा नदी आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा, ज्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी आहे. त्यामुळे खंजिरी भजनांच्या कॅसेट या भागात घरोघरी असणे स्वाभाविक आहे. महाराजांचे निधन 11 ऑक्टोबर 1968 रोजी, म्हणजे कॅसेट खेड्यांत पोचण्याच्या पुष्कळ आधी झाले असल्यामुळे, या कॅसेट एकतर इतर गायकांनी गायिलेल्या असतात किंवा आधीच्या ध्वनिमुद्रणांवरून उतरवलेल्या असतात. त्यांच्या जोडीला भीमगीते असतात. 1956 मध्ये नागपूरच्या ज्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेथे दरवर्षी भरणाऱ्या मेळ्यातील पुस्तकांच्या आणि कॅसेटच्या दुकानांतून ती विदर्भभर गेली. वामनदादा कर्डकांची रचना आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावागावांत पोचला, त्यात या स्वस्त फितीचा वाटा मोठा आहे. विकत घेतलेल्या या कॅसेटमधील पुष्कळसे संगीत आता मोबाइलवरही सापडते. जे कोठेच सापडत नाही ते घरी भरलेले असते : गावातल्या भजनी मंडळाची एकादशीची रात्र, सप्ताहातले कीर्तन, लग्नातल्या मंगलाष्टका, नागपूर आकाशवाणीवरून टिपून घेतलेला एखादा कार्यक्रम, आणि कधीकधी केवळ आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. या कॅसेटची दुसरी प्रत जगात नसते. प्लेअरवर किती खर्च करायचा आणि किती काळजी घ्यायची, हे या एका गोष्टीवरून ठरवावे.

कॅसेट इतकी पसरली आणि तिचे चांगले यंत्र मात्र तुलनेने विरळ राहिले, याला इतिहास आहे. नेदरलंड्सच्या फिलिप्स कंपनीच्या लू ऑटेन्स यांच्या चमूने तयार केलेली ही बंद पेटीतली फीत 1963 मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम दाखवली गेली, फीत 3.81 मिलिमीटर रुंद आणि तिचा वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर, हे तिचे माप आजतागायत बदललेले नाही. सोनी कंपनीने 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये 33,000 येन किमतीचा पहिला वॉकमन विक्रीला आणला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकून केवळ ऐकण्याचे यंत्र विकले जाईल का, याविषयी खुद्द कंपनीतच शंका होती. भारतात मात्र कॅसेटचा स्फोट वॉकमनने घडवला नाही. 1980 च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने आणि तिच्यामागून आलेल्या अनेक लहान कंपन्यांनी कॅसेटची किंमत इतकी खाली आणली की एचएमव्हीची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडली, आणि लोकांनी त्या कॅसेट वाजवल्या त्या मुख्यत: रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या टू-इन-वनवर. 1991 पूर्वी आयात मालावरचे जबर शुल्क लक्षात घेता जपानी वॉकमन घरात येई तो बहुधा आखातात नोकरीला असलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या बॅगेतून. बाकीच्यांच्या वाट्याला त्याच्या नकला आल्या, आणि आज जुन्या बाजारात हाती लागतात त्यांत या नकलाच अधिक असतात.

शोध कोठे घ्यावा याला फारसे रहस्य नाही. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार, सुट्या भागांसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आणि नागपुरात सीताबर्डी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने त्याआधी पुलगाव, आर्वी आणि वर्धा येथील रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची जुनी दुकाने पाहावीत, कारण दुरुस्तीला आलेली आणि पुन्हा कोणी न्यायलाच न आलेली यंत्रे तेथे फळीवर असतात, आणि दुकानदाराला त्यांचा आजार आधीच माहीत असतो. कबाडीकडे मिळणारी यंत्रे वजनावर घेतलेली असतात. तेथे किंमत कमी पण आत काय आहे याची हमी शून्य. ऑनलाइन विक्रीत छायाचित्रे सुंदर असतात आणि ‘चालू स्थितीत’ या शब्दांचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की दिवा लागतो. कोणत्याही मार्गाने घेतले तरी विकणाऱ्याचे नाव आणि तारीख असलेली चिठ्ठी मागावी, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे आणि प्रामाणिक खरेदीचा तेवढाच पुरावा जवळ राहतो.

नावाजलेल्या नमुन्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. 2014 मध्ये आलेल्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या हॉलिवूडपटात नायकाच्या कमरेला पहिला निळा वॉकमन दिसल्यापासून त्या यंत्राला संग्राहकांमध्ये वेगळेच मोल आले आहे, आणि कॅसेटच्या डबीएवढे लहान केलेले 1983 नंतरचे काही नमुने दिसायला देखणे असले तरी त्यांच्या आतली दाटी इतकी असते की साधा बेल्ट बदलणेही कसबी माणसाचे काम होऊन बसते. ऐकण्यासाठी घ्यायचा असेल तर जाडजूड, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, खटके हाताने दाबायचा, पाठीमागे साधे स्क्रू असलेला नमुना बरा. नवे प्लेअर आजही बनतात, हे खरे. परंतु त्यांतल्या बहुतेकांत तानाशिन या जपानी कंपनीच्या एका स्वस्त यंत्ररचनेची चिनी नक्कल असते, तिचे फिरते चाक हलके असते आणि स्वर स्थिर राहत नाही. 1980 च्या दशकातला चांगला जुना प्लेअर दुरुस्त करून घेणे हे म्हणूनच अनेकदा नव्या यंत्रापेक्षा शहाणपणाचे ठरते.

जुन्या प्लेअरमध्ये विद्युत भाग सहसा टिकतात. मरते ते रबर. मोटरची गती चाकापर्यंत नेणारा बेल्ट वीस-तीस वर्षांत एकतर सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा काळा चिकट लेप होऊन चाकांना चिकटतो. विकणारा ‘सेल नाहीत, म्हणून चालवून दाखवता येत नाही’ असे म्हणतो, तेव्हा खिशातून स्वत:चे दोन नवे पेन्सिल सेल काढता आले पाहिजेत. त्याचबरोबर बिघडली तरी हळहळ वाटणार नाही अशी एक कॅसेट आणि स्वत:चा इअरफोनही असावा. आधी कॅसेट न घालता झाकण उघडे ठेवून प्लेचा खटका दाबावा आणि आत पाहावे. कॅपस्टन नावाची पोलादाची बारीक काडी फिरताना दिसते आणि तिच्यावर काळ्या रबराचा लहान रूळ टेकतो. हा रूळ म्हणजे पिंच रोलर, आणि फीत या दोहोंच्या चिमटीतून ठरलेल्या वेगाने ओढली जाते. रबर चकचकीत, कडक किंवा भेगाळलेले असेल तर फीत तिरकी सरकते. मग फीत गुंडाळून घेणाऱ्या दातेरी फिरकीवर बोट अलगद टेकवावे : फिरकी थोडा विरोध करत फिरत राहिली पाहिजे. बोट लागताच ती थांबत असेल, तर कॅपस्टन फीत पुढे ढकलत राहील, गुंडाळणारे कोणी नसेल आणि फीत यंत्राच्या पोटात गोळा होईल. ‘टेपने कॅसेट खाल्ली’ असे लोक म्हणतात ते हेच. मोटर गुणगुणते आणि काहीच फिरत नाही, हे लक्षण उलट बरे समजावे, कारण दोष बहुधा बेल्टचाच असतो, आणि विक्रेत्याला तो माहीत नसल्यास किंमत उतरते.

बेल्टचे माप दोऱ्याने घेता येते. जुना बेल्ट ज्या चाकांवरून जातो त्याच मार्गाने दोरा फिरवून त्याची लांबी मोजावी आणि ताण बसण्यासाठी त्यातून सुमारे पाच टक्के वजा करावेत; निरनिराळ्या मापांचे चौकोनी छेदाचे बेल्ट सुट्या भागांच्या दुकानात जुडीने मिळतात. वितळलेल्या बेल्टचा लेप कापसाच्या बोळ्याने आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, पण त्याचा अंश चाकावर राहिला तर नवा बेल्ट घसरतो, म्हणून हे काम घाईने करू नये. फीत जिथे वाचली जाते ते हेड आणि कॅपस्टन याच अल्कोहोलने पुसावेत. त्यांवर साचलेला तपकिरी थर म्हणजे जुन्या फितींवरून सुटलेले लोहऑक्साइड असते आणि केवळ तो काढल्यामुळेही दबलेला आवाज मोकळा होतो. रबरी रूळ मात्र साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसावा, कारण अल्कोहोल वारंवार लावल्यास रबर आणखी कडक होते.

एवढे करूनही आवाज घशात अडकल्यासारखा येत असेल तर हेडचा कोन पाहावा लागतो. हेडवरची सूक्ष्म फट फितीच्या लांबीशी बरोबर काटकोनात असावी लागते. ती किंचित कलली की झांजा, खंजिरीच्या चकत्या, उच्चारांतले ‘स’ आणि ‘श’ असे उंच स्वर आधी नाहीसे होतात. या कोनाला अझिमथ म्हणतात आणि हेडच्या शेजारचा एक बारीक स्क्रू फिरवून तो जुळवता येतो. येथे घरच्या कॅसेटची एक खास अडचण आहे. ज्या टू-इन-वनवर भजन भरले गेले त्याचेच हेड कललेले असेल तर ते भजन तितक्याच कललेल्या हेडवर स्पष्ट ऐकू येते, आणि अचूक जुळवलेला उत्तम प्लेअर त्याला दबके करून वाजवतो. त्यामुळे अशा कॅसेटसाठी स्क्रू कानाने, त्या कॅसेटपुरता जुळवावा आणि नंतर विकतच्या चांगल्या कॅसेटवर पूर्ववत करावा. सतत स्क्रू फिरवणे कोणत्याही यंत्राला मानवत नाही, तेव्हा या कामासाठी एक वेगळा स्वस्त प्लेअर ठेवणे हाच व्यवहार्य उपाय होय. आवाजामागे उलटे बोलणे ऐकू येत असेल तर हेड खाली-वर सरकले असून ते दुसऱ्या बाजूचा पट्टा वाचत आहे असे समजावे.

वेगाची तपासणी प्रयोगशाळेत ठरावीक कंपनाच्या चाचणी-फितीने होते. गावात तेच काम पेटी करू शकते. एका सप्तकात बारा स्वर असल्यामुळे पेटीवरची लगतची दोन स्वरस्थाने, म्हणजे एक पांढरी आणि तिच्या शेजारची काळी पट्टी, यांच्या कंपनसंख्येत सुमारे सहा टक्के फरक असतो. ज्या भजनी मंडळाची पेटी अजून गावात आहे आणि ज्याचे भजन काळी एकमध्ये चालत असे हे जुन्या टाळकऱ्यांना ठाऊक आहे, त्याची कॅसेट लावून सूर पेटीवर शोधावा : तो पांढरी दोनवर सापडला तर प्लेअर सहा टक्के जलद चालतो आहे, पांढरी एकवर सापडला तर तितकाच मंद. चांगल्या प्लेअरची चूक याच्या निम्म्याहूनही कमी असावी. अर्थात भरतेवेळी रेकॉर्डरच वेगाने चुकला असण्याची शक्यता उरते, म्हणून वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या दोन-तीन कॅसेट तपासून मगच मोटरच्या पाठीवरच्या छिद्रातून दिसणारा वेगाचा स्क्रू केसभर फिरवावा. सूर बरोबर पण लांब स्वर डगमगत असेल, तर दोष वेगाचा नसून सैल बेल्टचा, वाकलेल्या कॅपस्टनचा किंवा हलक्या चाकाचा असतो, आणि ताना-आलाप असलेल्या गायनात तो सर्वात आधी उघडा पडतो.

यंत्र ठीक झाल्यावरही कॅसेट लगेच लावू नये. विदर्भातल्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर त्याहून अधिक तापतो. अशा उष्णतेत कॅसेटचे कवच वाकते आणि फितीला हेडवर दाबून धरणाऱ्या लहान नमद्याचा गोंद सुटून तो गळून पडतो. नमदा नसलेल्या कॅसेटचा आवाज अगदी क्षीण आणि दबका येतो, पण तिची फीत शाबूत असते आणि स्क्रू असलेल्या दुसऱ्या कवचात ती हलवता येते. त्यापाठोपाठ येणाऱ्या पावसाळ्याची देणगी म्हणजे बुरशी : खिडकीतून दिसणाऱ्या गुंडाळीवर पांढरे ठिपके असतील तर ती कॅसेट चांगल्या प्लेअरमध्ये घालू नये, कारण बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. पूर्ण नव्वद मिनिटे वाजणाऱ्या कॅसेटची फीत साधारण 12 मायक्रोमीटर जाड असते, साठ मिनिटांच्या कॅसेटची 18, आणि 120 मिनिटांच्या कॅसेटची जेमतेम 9; म्हणून कीर्तन एका कॅसेटमध्ये बसावे या हिशेबाने घेतलेल्या 120 च्या कॅसेट सर्वात नाजूक असतात. त्या आधी हळू गतीने एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे गुंडाळाव्यात, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. प्लेअरला ध्वनिमुद्रणाची सोय असेल तर कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन लहान कान मोडून टाकावेत. जी बाजू समोर आहे तिचा कान डावीकडचा, आणि तो नसला की लाल खटका दाबलाच जात नाही.

सेलच्या खणात पांढरी भुकटी दिसली म्हणून यंत्र टाकून देण्याचे कारण नाही. अल्कलाइन सेल फुटल्यावर बाहेर येणारा पदार्थ अल्क असतो आणि लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या बोळ्याने तो निघतो. पट्ट्या हिरव्या होऊन तुटल्या असतील तरच खर्च वाढतो. पुन्हा भरता येणारे सेल 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचे असले तरी बहुतेक प्लेअर त्यांवर चालतात. काही नंतरच्या नमुन्यांत च्युइंगगमच्या पट्टीसारखा चपटा सेल लागतो, जो मूळ कंपन्यांनी बनवणे थांबवले आहे; अशा यंत्राबरोबर बाहेरून जोडायची पेन्सिल सेलची डबी मिळत असेल तरच ते घ्यावे. मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर तीन व्होल्टच्या प्लेअरला कधीही जोडू नये, आणि जुन्या अडॅप्टरच्या टोकाला आत अधिक आहे की उणे हे यंत्रावरच्या खुणेशी ताडून पाहावे, कारण ही खूण कंपनीगणिक आणि काळागणिक बदलत गेली आहे.

दुर्मीळ कॅसेट या यंत्रावर पुन:पुन्हा ऐकण्यासाठी नाही, एकदा नीट उतरवून घेण्यासाठी वाजवायची असते. इअरफोनच्या छिद्रातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये किंवा यूएसबीवर चालणाऱ्या लहान ध्वनी-जोडणीत तार घालावी. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात घातल्यास अनेकदा दोन्ही बाजूंचा आवाज एक होतो आणि फाटतो. ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरते. 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिट या दर्जाने न दाबता साठवलेला स्टिरिओ तास सुमारे 635 मेगाबाइट जागा घेतो, तर 128 किलोबिटच्या एमपी3 मध्ये तोच तास 58 मेगाबाइटमध्ये बसतो. पहिली प्रत जपण्यासाठी ठेवावी, दुसरी गावात वाटण्यासाठी. खरखर काढण्याचा मोह मूळ प्रतीवर करू नये, कारण खरखरीबरोबर खंजिरीचा नादही छाटला जातो आणि मग तो परत येत नाही.

वाटण्याच्या प्रतीसाठी पुन्हा जुनाच प्लेअर उपयोगी पडतो, फक्त तो पुढच्या पिढीतला. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवणे ज्यांना जमत नाही त्या वडीलधाऱ्यांना बटणांचा एमपी3 प्लेअर सोयीचा जातो. ॲपलने 2001 मध्ये आणलेला आयपॉड 10 मे 2022 रोजी कायमचा बंद केला; त्याच्या जुन्या चकतीवाल्या नमुन्यांत फिरणारी हार्डडिस्क असते, तिचा टिकटिक आवाज हे शेवटाचे लक्षण असते, आणि त्यात गाणी घालायला ॲपलचेच सॉफ्टवेअर लागते, तेव्हा गावच्या वापराला तो अडचणीचाच. मेमरी कार्ड घेणारा साधा प्लेअर किंवा वापरलेला सारेगामा कारवाँ बरा. मात्र पाठीचे झाकण फुगलेले दिसले तर आतली लिथियम बॅटरी सुजलेली असते. असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये.

या प्लेअरांची एक खोड मराठी घरांना विशेष जाचते. अनेक जुन्या नमुन्यांना देवनागरी अक्षरे दाखवता येत नाहीत आणि पडद्यावर नुसते चौकोन उमटतात, म्हणून फाइलींची नावे रोमन लिपीत द्यावी लागतात. शिवाय स्वस्त प्लेअर फाइली नावाच्या क्रमाने लावत नाहीत, तर त्या कार्डावर ज्या क्रमाने उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. चार कॅसेटवरून उतरवलेल्या कीर्तनाचा उत्तररंग आधी आणि पूर्वरंग मागून ऐकू आला तर दुरुस्तीवाल्याकडे जाण्याचे कारण नाही : कार्ड रिकामे करावे आणि फाइली एकेक करून, पहिल्या भागापासून, पुन्हा चढवाव्यात.